ब्रदर मुळ्ये

लाल पेन्सिल आता अंगठ्याच्या पेराएवढीच उरली होती – टोक काढायला गेलं की शिसं कमी आणि लाकूडच जास्त निघायचं – आणि ती बोटांत धरून स्वानंद विचार करत होता की चौदा महिन्यांत आपण ह्या एका पुस्तकात इतक्या ओळींखाली रेघा मारल्या, की आता रेघ नसलेल्या ओळीच उठून दिसतात. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलाच्या ह्या बाजूला तो, समोर एल्डर रत्नम, मध्ये गजराचं घड्याळ. सात ते आठ ज्याचा त्याचा स्वाध्याय, आठ ते नऊ दोघांचा मिळून, नऊला घराबाहेर... रत्नम ओठ हलवत वाचत होता. मध्येच थांबायचा, डोळे मिटायचा, आणि त्याच्या गोल सावळ्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं की स्वानंदला उठून त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटायची.

दोघंही मॉर्मन चर्चचे मिशनरी. दोन वर्षांसाठी घर, नोकरी, सिनेमा, वर्तमानपत्र, चहा, पोरी – सगळं सोडून चर्चच्या कामाला लागलेले. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. स्वानंद मुळ्ये इथे एल्डर मुळ्ये होता. एल्डर म्हणजे वडीलधारा. बावीस वर्षांचा वडीलधारा, ज्याला स्वतःच्या आईला फोन करायची परवानगी वर्षातून दोनदा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला जायचं तरी जोडीदाराला बरोबर घेऊन जावं लागे. एकट्याने कुठेही राहायचं नाही हा पहिला नियम. एकटेपणा मात्र बरोबर न्यायला बंदी नव्हती.

आणि दुसरा नियम, सगळ्या नियमांचा बाप – हे निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, चर्चचा धर्मग्रंथ, रोज वाचायचं, आणि मनापासून विचारायचं, हे खरं आहे का? उत्तर मिळतं. प्रत्येकाला मिळतं, छातीत ऊब येते, असं सगळे सांगत. रत्नमला राजमहेंद्रीत अकराव्या दिवशी मिळालं होतं, तो तारीखवार सांगत असे. स्वानंदच्या छातीत चौदा महिन्यांत जे काही जळजळलं ते महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपवासाच्या दिवशी, आणि ते पित्त होतं.

मी विचारत नाही असं नाही. मी रोज विचारतो. वाचतो, रेघ मारतो, गुडघे टेकतो, विचारतो, मग गप्प बसून वाट बघतो... समोरून काही नाही. सरकारी कचेरीत खिडकीशी उभं राहावं आणि आतला माणूस जेवायला गेलेला असावा, तसं. रागावण्यासाठी तरी कोणी असावं खिडकीत.

त्याने आणखी एक रेघ मारली. कशाखाली मारली ते त्याने वाचलंही नव्हतं.

खरं म्हणजे तो देवासाठी इथे आलाच नव्हता. इंदूरची मिल बंद पडली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. बाबा – अच्युतराव मुळ्ये – मिलच्या टाइम ऑफिसात टाइमकीपर. तीन पाळ्यांची हजेरी, कोण किती वाजता आत आला, कोण किती मिनिटं उशिरा, सगळं त्यांच्या हातचं. मिलला कुलूप लागलं आणि आठ दिवसांनी पाटनीपुऱ्यातल्या सगळ्यांच्या घरातली घड्याळं जणू वेगवेगळी चालू लागली. शेजारचे लोक सकाळी दहाला दात घासू लागले. कोणी ऑटो घेतली, कोणी सेव तळायला बसला, कोणी नुसताच ओट्यावर बसला. टीव्हीवर सारखं सांगत होते की देश आता मोकळा होतोय... बी.कॉम. करून स्वानंद बंगलोरला गेला आणि घरोघर जाऊन पाण्याचे फिल्टर विकू लागला. लोक तोंडावर दार लावायचे. एका रविवारी खोलीतला जोडीदार त्याला चर्चमध्ये घेऊन गेला, तिथे एका अमेरिकन बाईने त्याचं नाव विचारलं, आणि पुढच्या रविवारी ते नाव तिच्या लक्षात होतं. बस, एवढंच. शिवाय तिथे सगळं वेळेवर सुरू व्हायचं. टाइमकीपरच्या मुलाला आणखी काय पाहिजे? श्रद्धा येईल मागाहून, असं त्याने धरून चाललं होतं. गाडीत आधी बसायचं, तिकीट मागून घ्यायचं.

तिकीट मिळालं नाही, तरी तो बोलून गेला. बाप्तिस्म्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, सगळे एकेक करून उठून साक्ष देत होते – ह्या लोकांत ‘मी मानतो’ असं कोणी म्हणत नाही, ‘मला माहीत आहे’ असंच म्हणतात – आणि स्वानंद उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, मला माहीत आहे की हे खरं आहे. लोकांनी येऊन मिठ्या मारल्या. त्या दिवसापासून तो हे शेकडो वेळा बोलला होता. आता जीभ अडखळतही नव्हती.

* * *

आठनंतरच्या स्वाध्यायात रत्नमने सहावा पाठ काढला. “आज ब्रदर मुळ्येंना विचारायचं,” तो इंग्रजीत म्हणाला. “आज नक्की. मला वाटतं ते तयार आहेत.” स्वानंद नुसता हं म्हणाला.

ब्रदर मुळ्ये म्हणजे बाबा.

झालं होतं ते असं. मिशनऱ्याला त्याच्या स्वतःच्या गावी कधी पाठवत नाहीत. पण हिंदी येणारी पोरं बंगलोरच्या ऑफिसकडे चारच होती, त्यांतला एक काविळीने आजारी पडला, आणि स्वानंदला तीन महिन्यांसाठी इंदूरला धाडलं. अट एकच – घरी जायचं नाही. स्नेहनगरच्या खोलीत भिंतीवर शहराचा नकाशा लावलेला होता. रत्नमने पहिल्याच दिवशी त्याची लाल पेन्सिल मागून घेतली आणि पाटनीपुरा, मालवा मिलचा चौराहा, परदेशीपुरा हा सगळा भाग एका रेघेत बंद करून टाकला. इकडे जायचं नाही. स्वानंद दर सोमवारी घरी पत्र लिहायचा. इंदुरात टाकलेलं पत्र इंदुरात पोचायला तीन दिवस घ्यायचं. सायकलने वीस मिनिटं.

पत्रात पत्ता होता. तिसऱ्या आठवड्यात बाबा आले. सरळ चर्चच्या हॉलवर, म्हणजे एका बंगल्याच्या तळमजल्यावर, जिथे घडीच्या खुर्च्या मांडून सभा भरते. मुलाला भेटता येत नाही असं रत्नमने त्यांना फार वाईट वाटून, मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. नियम म्हटला की तो माणूस वाद घालत नाही; आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना एक मिनिटाचीही सूट दिली नव्हती. त्यांनी विचारलं, “और कोई जानकारी लेने आए, तो?” रत्नम म्हणाला, जो स्वतःहून येऊन विचारेल त्याला शिकवणं आमचं कामच आहे. “तो फिर,” बाबा म्हणाले, “लिख लो.” आणि टेबलावरची वही ओढून त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं – नाव : अच्युत मुळ्ये. व्यवसाय : टाइमकीपर. येण्याचं कारण : जिज्ञासा.

बंगलोरला फोन झाले. साहेबांनी विचार करून परवानगी दिली, दोघं मिशनरी हजर असतील तर. तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता स्वानंद आपल्या बापाला धर्म शिकवत होता. रत्नमला मराठी येत नाही म्हणून हिंदीत. स्वानंद त्यांना ‘ब्रदर मुळ्ये’ म्हणायचा आणि ते त्याला ‘एल्डरजी’ म्हणायचे. पहिल्या दिवशी हे ऐकून त्याला हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

* * *

नऊला बाहेर पडले. कोपऱ्यावर पोह्यांची कढई वाफाळत होती, वर बडीशेपेचा वास, बाजूला जिलेबी. आणि पलीकडे चहाचं पातेलं, ज्याच्याकडे स्वानंद बघायचं टाळत असे. पोहेवाला ओरडला, “भिया, आज भी चाय नी?” रत्नमने हसून हात जोडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या, एसटीडी बूथ, नव्या थंड पेयाच्या जाहिरातींनी रंगवलेल्या भिंती. ह्या शहराला कसली घाई झालीय कोण जाणे... पुलाच्या चढावर सायकल हातात धरून चालताना लांबवर मिलची चिमणी दिसली. रेघेच्या आतली. चिमणीला नियम लागू नव्हता.

खिशात आईचं पत्र होतं. काल आलं होतं. त्याने ते चार वेळा वाचलं होतं.

‘चि. स्वानंदास अनेक आशीर्वाद,’ शारदाबाईंनी लिहिलं होतं. ‘तुझे बाबा रोज सकाळी तुमचं पुस्तक वाचतात. आंघोळ करून, पाटावर बसून. तीन आठवडे झाले, चहा सोडलाय. पोथीचा रुमाल काढून तुमच्या पुस्तकाला गुंडाळलाय, पोथी तशीच उघडी कपाटावर पडलीय. रविवारी मिलच्या गेटवर सभेला जात नाहीत. शेजारच्या शांताबाई विचारतात की भाईसाब आजकल दिखते नहीं, तबियत तो ठीक है? काय सांगू मी त्यांना? बाप्तिस्मा घेतला की कलेक्टर कचेरीत कळवावं लागतं म्हणे, मग सगळ्या मोहल्ल्याला कळणार. तू गेलास ते गेलास, मी तोंड दाबून बसले. यांना तरी सोड. तू सांगितलंस तर ऐकतील. तुझंच ऐकतात.’

पोथीचा रुमाल. लाल, कडेला झिजलेला. मिल बंद झाली त्या वर्षी बाबांनी तीन पारायणं केली होती – सात सात दिवसांची, पहाटे उठून, सोवळ्याने, अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, मध्ये कोणाशी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी हातावर पाणी सोडून संकल्प – मिल सुरू व्हावी. स्वानंद बाजूच्या खोलीत पांघरुणात पडून ऐकायचा. तिसरं पारायण संपलं त्या दिवशी आईने पुरण घातलं, ब्राह्मण जेवले, आणि संध्याकाळी बातमी आली की मिलच्या मालकाने हात वर केले. बाबांनी पोथी रुमालात बांधली आणि कपाटावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. रागावलेसुद्धा नाहीत. मी रागावलो. मी अजून रागावलेलोच आहे – त्या पोथीवर, त्या मालकावर, सहा वर्षं दर रविवारी बंद गेटासमोर जमून ‘मिल खुलेगी’ म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्यांवर, आणि त्यांच्यात पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून उभ्या असलेल्या ह्या माणसावर.

आणि तोच माणूस आता माझं पुस्तक पाटावर बसून वाचतोय. माझं! तिसऱ्या पाठाला ते पुस्तक घेऊन आले तर वर हळदकुंकू वाहिलेलं. रत्नमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्वानंदने घाईघाईने खिशातला रुमाल काढून पुस्तक पुसलं. सोमवारी धुतलं तेव्हा त्या रुमालाबरोबर दोघांचे पांढरे शर्ट गुलाबी निघाले. कुंकू नको, त्याने बापाला सांगितलं होतं, उदबत्ती नको, नुसतं वाचायचं. बाबा म्हणाले, “ठीक है एल्डरजी, जैसा आपका नियम।” बरोबर आणलेली उदबत्ती त्यांनी नीट कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

आज सांगून टाकायचं. दुपारभर तो हेच घोकत होता – हॉल झाडताना, खुर्च्या मांडताना, रत्नमबरोबर भात खाताना. सांगायचं, बाबा, पुरे. तुम्ही मला भेटायला येता हे मला कळतं, पण आता हे बाप्तिस्म्यापर्यंत आलंय, आणि आईला सहन होणार नाही. तुम्ही खोटं बोलताय आणि... आणि मीही. नाही, हे नको. एवढंच पुरे – तुम्ही खोटं बोलताय. एका खोटारड्याला दुसरा ओळखता येतोच. बाबांना उत्तरबित्तर काही मिळालेलं नाही, मिळणारही नाही. विचारलं की ‘नहीं मिला’ म्हणतील, मग पाठ बंद होतील. किंवा पाठ बंद होऊ नयेत म्हणून ‘मिला’ म्हणतील. तेवढं ओळखलं की झालं.

* * *

चारला पाच मिनिटं असताना फाटक वाजलं. बाबा नेहमीच चारला पाच असताना येत. त्यांनी चपला दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवल्या, आत आले, काखेतलं लाल रुमालाचं गाठोडं टेबलावर ठेवलं. पांढरा शर्ट. अलीकडे तेही पांढरा शर्ट घालून येत. तीन घडीच्या खुर्च्या. रत्नमने प्रार्थना केली, दोन-चार वाक्यं बोलला आणि मग स्वानंदकडे बघून भुवया उंचावल्या. विचार.

“ब्रदर मुळ्ये,” स्वानंद म्हणाला. “आपने... पूछा?”

“पूछा।”

“फिर?”

“मिला।”

रत्नम खुर्चीच्या कडेला सरकला. स्वानंद बापाच्या डोळ्यांकडे बघत होता. आता पापणी हलेल, आता ते खिडकीकडे बघतील... बाबा शांतपणे रुमालाची गाठ सोडत होते.

“देखिए एल्डरजी, अपने को भाषण-वाषण आता नहीं,” ते म्हणाले, आणि मग हिंदी त्यांना पुरेनाशी झाली असावी, कारण ते सरळ मराठीत आले. “मिल बंद झाल्याला सात वर्षं होतील. पण रोज सकाळी सहा-पन्नास झाले की माझे कान उभे राहतात. पहिल्या पाळीचा भोंगा. वाजणार नाही, हे कळतं रे. कानांना कळत नाही. दाढी करत असलो तर हात थांबतो, घास घेत असलो तर घास थांबतो. दहा मिनिटं. मग सात होतात, मग सुटतो. रोज. तुझ्या आईलाही सांगितलं नाही कधी, वेडा म्हणेल. तर परवा मंगळवारी वाचत बसलो होतो. अध्याय संपला, मान वर केली, बघतो तर सव्वासात.”

गाठ सुटली. त्यांनी रुमाल पुस्तकावरून बाजूला केला.

“सहा-पन्नास होऊन गेले आणि मला पत्ताच नाही. काल पण. आज पण.”

रत्नमला एक अक्षर कळलं नव्हतं, पण तो डोळे पुसत होता. हे खोटं नाही, स्वानंदला कळलं. असं खोटं बोलायला माणूस हुशार लागतो, आणि बाबा तसे हुशार कधीच नव्हते. रजा हवी असली तरी त्यांना आजाराचं सोंग जमत नसे. मिळालं. ह्यांना मिळालं! ज्यांनी कुंकू वाहिलं, ज्यांना त्या पुस्तकात कोण कोणाशी लढतंय तेसुद्धा नीट कळत नव्हतं, त्यांना पाच आठवड्यांत मिळालं; आणि मी चौदा महिने... त्याला हेवा वाटला. बापाचा हेवा, लहान भावाचा वाटावा तसा, लाज वाटावी इतका.

“पोथी वाचताना नाही विचारलंत असं?” तोही मराठीत गेला. आवाज त्याला हवा त्यापेक्षा कडवट निघाला. “तेव्हा नाही थांबला भोंगा?”

“तेव्हा मी मिलच मागत होतो ना. कान तिकडेच.” बाबा हसले. “इथे काय मागायचं तेच ठाऊक नव्हतं. तू म्हणालास, फक्त विचारा, खरं आहे का. तेवढंच विचारलं.”

“आईचं पत्र आलंय.”

“माहीत आहे. मीच तर पोस्टात टाकलं.” क्षणभर ते रुमालाच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले. “वाचलं नाही. पण काय लिहिलं असेल ते कळतं. बरोबर आहे तिचं. पोथीला मी नवा रुमाल आणणार आहे, सांग तिला... नाही, मीच सांगतो, मी घरीच राहतो की.”

आता बोल. आत्ताच. “बाबा, खरं सांगा. तुम्ही मला भेटायला येता म्हणून हे सगळं –”

“पहिले दोन पाठ त्याच्यासाठीच आलो,” बाबा म्हणाले, अगदी सहज. “खोटं कशाला बोलू? मला काय करायचंय तुमच्या अमेरिकेचं. पण पहिल्या दिवशी शेवटी तू उभा राहिलास आणि बोललास – मुझे मालूम है. तसं तू कधी बोलत नाहीस. घरी जाताना टेम्पोत बसून विचार केला, हा एवढासा होता तेव्हापासून कधी खोटं बोलला नाही. दहावीचे गणिताचे मार्क खरे सांगून मार खाल्लास, दुसऱ्या कोणी प्रगतिपुस्तक लपवलं असतं. मग ह्याला माहीत आहे म्हणजे काहीतरी असेलच. नाहीतर मी चार पानांत सोडलं असतं रे. काही कळत नाही त्याच्यात.”

बाहेरून सायकलची घंटी वाजली. भाजीवाला असावा. स्वानंदला वाटलं की आपण उठून दाराशी जावं, भाजीचा भाव विचारावा, काहीही विचारावं.

“काय म्हणाले?” रत्नमने इंग्रजीत विचारलं. “सांग ना, काय म्हणाले?”

“उत्तर मिळालं म्हणाले,” स्वानंदने सांगितलं.

रत्नम उठला आणि त्याने बाबांचे दोन्ही हात धरले. मग भराभर बोलू लागला – बाप्तिस्मा, येत्या महिन्याचा दुसरा शनिवार, अर्ज मी आणून देतो, ब्रदर, आप तैयार हैं? बाबांनी ऐकलं आणि हात हळूच सोडवून घेतले.

“एल्डरजी बोलेंगे तब,” ते म्हणाले. स्वानंदकडे बोट दाखवून. “ये बोलेंगे तो करेंगे, ना बोलेंगे तो नहीं।” आणि मग, थोडं संकोचून, “आज एक बार फिर बोल दीजिए ना एल्डरजी. शेवटी बोलता ते. मालूम है वाला।”

पाठ साक्षीने संपतो, हाही नियमच. रत्नमने मान खाली घातली. बाबांनी त्याच्याकडे बघून तसंच केलं. छातीशी हातांची घडी घातली, ह्या लोकांची रीत तशी आहे, पण त्यांना ती अजून जमत नव्हती, बोटं पुनःपुन्हा एकमेकांना जोडायला जात होती.

स्वानंद उभा राहिला. दोन शब्द. शेकडो वेळा बोललेले. बोलले की आई संपली. नाही बोलले, आणि खरं काय ते सांगितलं – बाबा, मला काहीही माहीत नाही, मी तेव्हाही खोटं बोललो होतो, तुम्ही ज्याच्या भरवशावर वाचलंत तो भरवसाच खोटा होता – तर उद्या सकाळी सहा-पन्नासला पाटावर बसलेल्या ह्या माणसाचा हात पुन्हा थांबेल. मग रोज थांबेल. आणि ते तक्रार करणार नाहीत. त्यांनी मालकाचीही केली नव्हती. ह्याचाच संताप येतो मला, ह्या न बोलण्याचा...

तो डोळे मिटून उभा होता आणि त्याचे दात आवळले गेले होते. चौदा महिने त्याने विनवण्या केल्या होत्या. आज विनवणी नव्हती. मला नको देऊस, तो आतल्या आत म्हणत होता, मला कधीच नको देऊस, मी मागणारही नाही. पण ह्या माणसाला जे दिलंस ते माझ्या थापेवर उभं करून दिलंस, एवढा मोठा तू आणि तुला दुसरी जागा सापडली नाही? आता ते काढून घेतलंस ना, तर बघ. बघच मग. एकदा त्याची मिल नेलीस, तेव्हा तो गप्प बसला. मी बसणार नाही. ऐकतोयस का? आणि आईला काय सांगू मी, तेही तूच सांग...

खुर्ची करकरली. बाबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं असावं आणि पुन्हा मिटले असावेत.

स्वानंद एकदम थबकला. आपण कोणाशी तरी भांडतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. समोर कोणी असल्याशिवाय माणूस असा भांडत नाही. छातीत ऊब वगैरे काही नव्हतं. हात गार पडले होते, आणि ज्याच्याशी आपण भांडत होतो त्याने एक शब्दही न चुकवता सगळं ऐकून घेतलं, ह्या जाणिवेने तो विलक्षण घाबरला होता. ते दोघं माना खाली घालून थांबले होते. ‘मालूम है’ त्याला अजून बोलायचं होतं.